दैर अल-बलाहमधला रविवार

१ सप्टेंबर २०२४ ला गाझाच्या मध्य भागात पोलिओची मोहीम सुरू झाली, तेव्हा माझ्याकडे शीतसाखळीचं, म्हणजे लस सतत थंड ठेवण्याचं, काम होतं. दैर अल-बलाहमधल्याच एका दहा महिन्यांच्या बाळाचा पाय लुळा पडला होता. गाझात २५ वर्षांनी सापडलेला हा पहिला रुग्ण. जूनमध्ये घेतलेल्या सांडपाण्याच्या नमुन्यांतही विषाणू आढळला होता, आणि तंबूंच्या रांगांमधून तेच पाणी उघडं वाहत होतं.

सकाळी सहा ते दुपारी तीन हल्ले थांबतील, असं ठरलं होतं. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. वीज नाही, जनरेटरला डिझेलची मारामार. माझा सगळा जीव आइसपॅकमध्ये अडकला होता. पुणे जिल्ह्यात पल्स पोलिओच्या बूथवर बर्फ कमी पडला, तर शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात माणूस धाडता यायचा. इथे ती सोय नव्हती.

आमच्या बूथवरची नर्स स्वतः उत्तरेतून विस्थापित होऊन तंबूत राहत होती. बाटली हातात घेतली की आधी लेबलवरचा, उष्णता लागली की गडद होत जाणारा चौकोन बघायची. तो भोवतीच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तरच झाकण काढायची. मग गाल दाबून दोन थेंब, आणि बोटाला शाई. अगदी आपल्याकडच्यासारखी.

एका चार-पाच वर्षांच्या मुलीचं बोट तिने शाईसाठी धरलं आणि तशीच थांबली. बेचक्यांत खरूज, खाजवून पिकलेली. आईने लगेच धाकट्या दोघांचेही हात पुढे केले. मलम आहे का? साबण तरी? आमच्या पेटीत फक्त लस. नर्सने जवळच्या आरोग्य केंद्राचं नाव सांगितलं, तर बाई म्हणाली, तिथूनच आलेय, त्यांच्याकडेही नाही. खरजेचं औषध ना दुर्मिळ, ना महाग. त्यासाठी लेकरं रात्र-रात्र रडतात, याचा मला आजही संताप येतो.

गर्दी मात्र हटत नव्हती. युद्धात लोक लसीला येत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती रांग पाहायला हवी होती. मध्य भागासाठी अंदाज होता सुमारे १ लाख ५७ हजार मुलांचा; पहिल्या टप्प्यात डोस घेतला १ लाख ८७ हजारांहून अधिक मुलांनी. कुटुंबं इतक्या वेळा हलवली गेली होती की कुठली यादी खरी उरणार?

तीनला बूथ आवरला. संध्याकाळी मी उद्यासाठी जादा बाटल्या आणि आइसपॅक मागवले, आणि त्याच मागणीपत्रावर खरजेचं मलमही लिहिलं. मिळेल अशी आशा नव्हती, पण मागणी नोंदवली नाही तर गरजच नव्हती असं धरलं जातं.