ओव्हन का करपवत होता, ते आज कळलं

वरून करपलेलं, आतून कच्चं, आणि डिस्प्लेवर मात्र १८० अंश! शेवटी ओव्हनच्या आत वेगळा थर्मामीटर ठेवला. आतलं तापमान कितीतरी जास्त निघालं. हीटर सारखा चालू-बंद होत असतो, त्यामुळे एकाच आकड्यावर विसंबू नये, बराच वेळ बघून सरासरी धरावी.

मग प्लग काढला, ओव्हन पूर्ण गार होऊ दिला, तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा कनेक्टर सोडवून त्याचा विद्युत रोध मोजायला मल्टिमीटर लावला. बऱ्याच ओव्हनमध्ये असतो तसा हा प्लॅटिनमचा, पीटी१००० प्रकारचा सेन्सर. ० अंशाला १००० ओहम, २५ अंशाला साधारण १०९७, १०० अंशाला १३८५. तापमान वाढलं की रोध वाढतो, इतकं सरळ गणित.

आकडा आधी ठीकच दिसला. पण वायर हलवली की घसरायचा! मागच्या भिंतीपाशी वायरवरचं आवरण जळालं होतं आणि दोन्ही तारा एकमेकींना अधूनमधून टेकत होत्या. म्हणजे रोध कमी दिसणार, हीटर चालवणाऱ्या कंट्रोल बोर्डाला वाटणार ओव्हन अजून गार आहे, आणि हीटर चालूच राहणार. कारण असं डोळ्यांसमोर उलगडलं की फार आनंद होतो.

अशा वेळी लोक थेट महागडा कंट्रोल बोर्ड बदलतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. सेन्सर मोजायला पाच मिनिटं पुरतात.

नवा सेन्सर मागवलाय, अगदी त्याच प्रकारचा. एनटीसी थर्मिस्टर हा दुसऱ्या प्रकारचा तापमान सेन्सर इथे चालणार नाही, त्याचा रोध तापल्यावर उलट कमी होतो.