जिमचा जुना ट्रेडमिल कशाला घेतलात?

तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो. 85,000 रुपयांत कोरा घरगुती ट्रेडमिल आला असता, हे मलाही ठाऊक होते. पण घरगुती यंत्रांच्या जाहिरातीत बहुधा मोटरची क्षणभराची कमाल ताकद छापलेली असते, तर जिमच्या यंत्राची मोटर तासन्‌तास चालण्यासाठीच बनवलेली असते. शिवाय पट्टाही रुंद असतो. हा हिशेब माझ्या मते आजही बरोबर आहे.

चुकले ते पुढे. रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून विकायला ठेवलेले, म्हणजे नेमके काय केले, असे विचारल्यावर विक्रेता म्हणाला, "डेक पालटून दिलाय, साहेब." पट्ट्याखालची ही फळी दोन्ही बाजूंनी वापरता येते हे मी वाचलेले होते, म्हणून जाणकाराच्या थाटात मान हलवली. ती याआधीच एकदा पालटलेली आहे का, हे विचारले नाही आणि पट्टा उचलून खाली बोटेही फिरवली नाहीत. कन्सोलवर वापराचे तास शून्य होते, आणि जुन्या यंत्रावरचे ते शून्य पाहून मला आनंदच झाला होता.

तिसऱ्या आठवड्यात, अँजिओप्लास्टीनंतर सांगितलेले चालणे ताशी 3 किलोमीटरने करत असताना पट्टा एकाएकी थांबला आणि पत्नी पुढच्या दांड्यावर आदळली. मी धावत गेलो, पण तोंडातून पहिले शब्द निघाले ते "काय दाबलंस?" हे. "मी कशालाही हात लावलेला नाही," ती म्हणाली. तिच्या सुजलेल्या मनगटाला बर्फ लावून झाल्यावर मी स्वतः चढलो आणि तिच्यादेखत ताशी 9 ने दहा मिनिटे धावलो. यंत्र जरासुद्धा अडखळले नाही. तिची चूक सिद्ध झाली, असे मी धरून चाललो.

मेकॅनिकने मोटर किती वीजप्रवाह ओढते हे मोजणारा क्लॅम्प मीटर लावून तिला चालायला सांगितले, तेव्हा आकडा रिकाम्या पट्ट्याच्या तिपटीवर गेला. फळी काढली, तर पावले पडतात तिथला गुळगुळीत थर दोन्ही बाजूंनी उडून लाकूड उघडे पडलेले. घर्षणामुळे मोटरवर ताण येत होता, मंद वेगात तिचा पंखाही मंद फिरत असल्याने ती तापत होती, आणि मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह बंद पडत होता. माझ्या वेगात पंखा जोरात फिरायचा, आणि बर्फ लावेपर्यंत मोटर निवलीही होती. म्हणजे सावकाश चालणाऱ्यालाच दगा देणारे यंत्र मी आणले होते.

नवी फळी आणि पट्टा यांचे 22,000 वेगळे गेले. आता यंत्र उत्तम चालते, त्यामुळे घेतले ते चुकले असे मी म्हणणार नाही. पत्नी सोसायटीच्या आवारात चालते. पाऊस असला की लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारते.