डाव्या बॉक्सला सर्दी

सेंटर स्पीकर म्हणजे टीव्हीपाशी मधोमध ठेवायचा, बहुतेक बोलणं ऐकवणारा. तो घ्यायला येणारं गिऱ्हाईक सहसा हातात कागद घेऊन येतं. रामबागेतल्या काकांचा कागद तर चौकटी आखलेला होता. एका बाजूला त्यांच्या जुन्या टॉवर स्पीकरचे आकडे, दुसऱ्या बाजूला नव्या सेंटरचे. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच विजेवर आवाज किती मोठा, इकडे ९० डेसिबल, तिकडेही ९०. इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, इकडे ८ ओहम, तिकडेही ८. काका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे कागदात खोट काढायला जागा नव्हती. "हा मागव आणि बसवून दे," म्हणाले.

महाराणी रोडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान. अर्धं काम स्पीकर दुरुस्तीचं, अर्धं होम थिएटर बसवून देण्याचं. मी काकांना म्हटलं की मागवतो, पण आधी घरी ऐकून बघू. त्यांना ते पटलं नाही. आकडे जुळले की ऐकायचं काय?

आता खरं सांगायचं तर त्या आकड्यांतून आवाजाच्या पातळीत जो फरक पडतो, त्याची काळजी रिसीव्हरच (सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो अँप्लिफायरचा डबा) घेतो. टेस्ट टोन सोडून प्रत्येक स्पीकरची पातळी तो सारखी करतो. एक ८७ चा आणि दुसरा ९० चा असला तरी तीन डेसिबलचा फरक मिनिटात भरून निघतो. पण पडद्यावर एखादा माणूस बोलत बोलत डावीकडून उजवीकडे गेला आणि मधल्या स्पीकरपाशी त्याचा गळाच बदलला, तर ते कुठल्या आकड्यात लिहिणार? रिसीव्हरचं माइक लावून केलेलं करेक्शन थोडं सांभाळून घेतं, तेही माइक जिथे ठेवला तिथलं. सोफ्याच्या कडेला बसलेल्याचं काय?

जुन्या जोड्यांची अडचण मुळातली आहे. काकांचे टॉवर नव्वदच्या दशकात त्यांच्या मेहुण्यांनी मस्कतहून आणलेले. विलायती, लाकडी व्हिनियरचे, ट्विटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) रेशमी घुमटाचा, वूफरच्या (खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या) कडा रबराच्या. रबर होतं म्हणून वाचले, फोम असता तर इतक्या वर्षांत त्याचा भुगा झाला असता. पण ते गाणं ऐकायला बनवलेले, दोघांनीच संसार करणारे. घरगुती डॉल्बी सराउंडचे १९८२ चे पहिले डिकोडर डावा, उजवा आणि मागचा एवढंच देत. मधला चॅनल आला डॉल्बीच्या १९८७ च्या प्रो लॉजिक डिकोडरबरोबर. त्यानंतरही कितीतरी कंपन्यांनी प्रत्येक मॉडेलला जोडीचा सेंटर काढलाच नाही, आणि काढला तो आज मिळत नाही. मिळालाच तर त्याचं चुंबक दुहेरी आणि वजन जड, कारण तेव्हा तो पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर ठेवायचा असे आणि उघड्या चुंबकानं पडद्यावर रंगांचे डाग पडत.

रविवारी सकाळी मी दोन डबे घेऊन गेलो. एक काकांच्या कागदावरचा: आडवा, मधे धातूचा ट्विटर, दोन्ही बाजूंना एकेक वूफर. डीलरकडून ऐकवायला मागून आणला होता. दुसरा माझ्या दुकानातला एकटा पडलेला बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारा छोटा स्पीकर, काकांच्या टॉवरच्याच मालिकेतला. ट्विटर तोच, वूफरही तोच, फक्त दोनाऐवजी एक. त्याच्या जोडीदाराची कॉइल कोणीतरी लग्नाच्या वरातीत जाळली होती. उरलेल्याचे कंडेन्सर मी बदलून ठेवले होते.

पोहे झाले. आमच्या इंदुरात त्याशिवाय पेचकस हातात घेता येत नाही. काकूंना मी विचारलं, नेमकी तक्रार काय?

"काही नाही हो. सगळे लोक डावीकडूनच बोलतात. आणि काय बोलतात ते कळत नाही."

काकूंची जागा दिवाणाच्या डाव्या टोकाला, खिडकीशी. तिथून डावा टॉवर पाच फुटांवर, उजवा नऊ. एक फूट कापायला आवाजाला साधारण एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे उजव्याचा आवाज त्यांच्याकडे चार मिलिसेकंद उशिरा पोहोचे. दोन्हीकडून एकच आवाज येत असेल तर कान आधी आलेल्याचंच ऐकतो. हेल्मुट हास यांचा यावरचा प्रबंध १९४९ चा. हे मी सांगायला लागलो तर पुढचं काकांनीच सांगून टाकलं, अर्थात. काका बरोबर मधे बसतात. त्यांना दोन स्पीकरांमधून आवाज टीव्हीतूनच आल्यासारखा वाटे, म्हणून त्यांना सेंटरची कधी गरजच वाटली नव्हती. एकट्या माणसासाठी मीही सेंटर नको म्हणतो. रिसीव्हरमध्ये 'सेंटर नाही' केलं की मधला चॅनल दोन्हीकडे वाटला जातो आणि जुनी जोडी छान सांभाळते. घरात दुसरं माणूस आलं की ते गणित मोडतं.

पहिला अर्धा भाग कळला. पण "कळत नाही" हा दुसरा अर्धा माझ्या डोक्यात राहिला. काकूंचं ऐकणं चांगलं होतं, स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्ट्या मोजत होत्या.

स्पीकरची जुळणी बघायला लोक स्फोटांचे सीन लावतात. मला त्यातून काहीच कळत नाही. मी ओळखीचा माणसाचा आवाज लावतो, आणि त्या घरात सगळ्यात ओळखीचा आवाज समोरच बसला होता. काकांना आतल्या खोलीत नेलं, गाद्या-रजयांच्या कपाटासमोर उभं केलं, म्हणजे खोलीचा घुमारा येणार नाही, आणि जुना दिवाळी अंक हातात देऊन दोन मिनिटं वाचायला लावलं. फोनवर रेकॉर्ड केलं. नवा सेंटर आणि बुकशेल्फ टॉवरशेजारी स्टुलावर, ट्विटर सारख्या उंचीवर. जागा बदलली की खर्ज बदलतो आणि मग आपण स्पीकर ऐकतो की भिंत, ते समजत नाही. मीटर लावून चौघांची पातळी ७० डेसिबलवर आणली. काकूंना पाठ फिरवून बसवलं. कोणता केव्हा लावायचा ते काका बोटानं खुणावणार.

पहिला उजवा टॉवर. "हे."

मग आडवा नवा. काकू हसल्या. "हे नाहीत. रेडिओवर बातम्या देणारे कोणीतरी."

मग बुकशेल्फ. "हे. जरा पुढे येऊन उभे राहिलेत."

मग डावा टॉवर. काकू थांबल्या. "हेच. पण सर्दी झालीय."

काकांनी मुद्दाम मधे दोनदा उलटसुलट लावायला सांगितलं. डावा आला की सर्दी. मग काका स्वतः पाठ फिरवून बसले, आणि त्यांनाही 'स' आणि 'श' मऊ लागले. माझ्यासाठी दिवसाचं काम इथे बदललं. ज्या जोडीला जुळणारा तिसरा शोधायला मी आलो होतो, तिचेच दोघं एकमेकांशी जुळत नव्हते. डाव्याला जुळवून सेंटर घ्यावा तर एखादा मंद, दबलेला निवडला जाईल. दोघांची सरासरी काढावी तर तो कुणाचाच नाही.

आधी अँपवर संशय घेतला. मागच्या तारा डाव्या-उजव्या बदलल्या. सर्दी डाव्या बॉक्समध्येच राहिली. मग बॉक्सच्याच जागा बदलल्या, खिडकीची काच आणि पडदा यांचं काही असेल म्हणून. सर्दी बॉक्सबरोबर पलीकडे गेली. मग मागची टर्मिनल प्लेट उघडली.

क्रॉसओव्हर, म्हणजे बारीक आणि जाड सूर वेगळे करून वाटणारं सर्किट, साधा. ट्विटरच्या वाटेत एकच कंडेन्सर, ४.७ मायक्रोफॅरडचा बायपोलर इलेक्ट्रोलिटिक. उजव्यातला मीटरवर ४.५ दाखवत होता. डाव्यातला ३.१, आणि आतला रोधही वाढलेला. काकांनी लगेच कागद उलटा केला. ८ ओहमच्या ट्विटरला ४.७ म्हणजे साध्या हिशेबानं ४२०० हर्ट्झपासून वर वाट मोकळी. ३.१ झाला की तीच वाट ६४०० च्या आसपास उघडते. मधल्या पट्ट्यात वूफर थकलेला, ट्विटर अजून आलेला नाही, आणि 'स', 'श' यांसारख्या ऊष्म व्यंजनांची धार नेमकी त्याच भागात. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन वर्षानुवर्षं त्याच बॉक्सवर पडत होतं. उष्णतेनं हे कंडेन्सर सुकतात. एवढंच कारण असेल असं मी म्हणणार नाही, पण काकूंची जागा मात्र बरोबर त्याच्यासमोर.

कंडेन्सर नेहमी दोन्हीकडचे बदलायचे. पिशवीत फिल्मचे होते. फिल्मचा आतला रोध कमी असतो, त्यामुळे ट्विटर मुळापेक्षा थोडा तिखट होऊ शकतो. जुन्या स्पीकरचे शौकीन यावरून भांडतात. मी ऐकून बघितलं, खटकलं नाही, वरून रेझिस्टर घातला नाही. दीड व्होल्टचा सेल टेकवून तिन्ही डब्यांचे वूफर बाहेरच येतात ना तेही पाहून घेतलं. एक जरी उलटा जोडलेला असला की मधला आवाज पोकळ होतो आणि माणूस दिवसभर भलतीकडेच शोधत बसतो.

मग पुन्हा तेच वाचन. उजवा: "हे." डावा: "हे." बुकशेल्फ: "हे." काका मात्र अजून आडव्यावर अडलेले. टीव्हीखाली शोभतो म्हणाले, आणि ते खरंच आहे. मी म्हटलं, काका, तुम्ही काकूंच्या जागेवर बसा आणि बोलणं लावा. बसले. मग त्यांनीच विचारलं, दोन वूफरच्या केंद्रांत अंतर किती? मोजलं, २८ सेंटीमीटर. काकूंची जागा मधल्या रेषेपासून साधारण ३० अंशांवर, म्हणजे दोन वूफरपासूनच्या अंतरात १४ सेंटीमीटरचा फरक. अर्धी तरंगलांबी १४ आली की दोघं एकमेकांना खोडणार. "बाराशे हर्ट्झ," काका म्हणाले. "हा तर माणसाच्या बोलण्याच्या मधोमध आहे." कागद घडी करून खिशात ठेवला. उभ्या डब्यात ट्विटर आणि वूफर एकाखाली एक असतात, त्यामुळे बाजूला बसलेल्याला ही शिक्षा होत नाही. म्हणूनच बुकशेल्फ उभाच ठेवायचा, जागा वाचवायला आडवा पाडायचा नाही, हे मी दोनदा बजावलं.

उभा ठेवायचा म्हणजे शोकेसवरची पितळी समई, काकांचा निरोपसमारंभातला गणपती आणि नातीचं बक्षीस हलवावं लागणार. या चर्चेत स्पीकरच्या चर्चेपेक्षा जास्त वेळ गेला. शेवटी सुतार बोलावून टीव्ही पाच इंच वर घेतला. डबा शोकेसच्या पुढच्या कडेला अगदी भिडवून ठेवला, मागे सरकला की खालच्या फळीवरून आवाज परततो. खाली रबराची पाचर देऊन तोंड दिवाणावर बसलेल्याच्या कानाकडे वळवलं. रिसीव्हरमध्ये सेंटर 'स्मॉल', ८० हर्ट्झखालचं सगळं टॉवरकडे. सबवूफर घेऊ का, असं काकांनी विचारलं. मी नको म्हटलं.

बिल आडव्या सेंटरच्या चौथ्या हिश्शाइतकंही झालं नाही. डीलर चार दिवस माझ्याशी तुटक बोलला. काढलेले कंडेन्सर मी पिशवीत टाकत होतो, ते काकांनी मागून घेतले. त्यांच्या जुन्या कॉलेजात कंडेन्सर अचूक मोजणारा चांगला एलसीआर ब्रिज आहे म्हणे.

पुढच्या आठवड्यात फोन आला. "अरे, तो उजवाही ४.४ निघाला. सहा टक्के कमी. तिला ते कळलं नाही, तिनं त्याला अगदी ठणठणीत ठरवलं होतं."

मागून काकूंचा आवाज आला. "त्यांना सांगा, तेवढा घसा ह्यांचा नेहमीच बसलेला असतो."