रंग दोन दिवसांचा, तयारी तीन आठवड्यांची: जुना स्किड स्टीअर लोडर रंगवताना

स्किड स्टीअर म्हणजे चाकं घसटत जागच्या जागी वळणारा, पुढे बकेट असलेला छोटा लोडर. मशीन साधारण तीन टनांचं, चार चाकांचं, हायड्रोस्टॅटिक ड्राइव्हचं, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं. मूळ रंग उन्हाने पांढुरका पडलेला, हात फिरवला की भुकटी हाताला लागते. बकेटवर आणि पायाखालच्या पत्र्यावर गंज, पोटात वर्षानुवर्षांचा तेल-मातीचा गाळ. असं मशीन नुसतं धुऊन रंगवलं तर पहिल्या काही महिन्यांत पापुद्रे निघतात आणि शिव्या रंगाच्या डब्याला बसतात. खरं कारण बहुतेक वेळा खाली राहिलेलं तेल असतं. म्हणून माझा क्रम असा: आधी गळती, मग लोखंडाची दुरुस्ती, मग सफाई, आणि रंग सगळ्यात शेवटी.

सुरुवातीलाच एक गोष्ट. आर्म (बकेट उचलणारे लोखंडी हात) वर उचलल्याशिवाय अर्धं मशीन हाताला लागत नाही, पण नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर उचललेल्या आर्मखाली जायचं नाही. सिलिंडरच्या रॉडवर बसणारा लोखंडी आधार लावायचा, त्याची पिन घालायची, मगच खाली हात घालायचा. आधार बसवताना एक जण सीटवर आणि दुसरा बाहेर, म्हणजे दोन माणसं लागतात. जुन्या मशीनचा हा आधार हमखास हरवलेला असतो. त्याजागी लाकडाचा ठोकळा चालवू नये, त्या मॉडेलचाच मागवावा. केबिन उचलली की तिचा लॉक बसल्याची खात्री करायची, चाकांना ठोकळे लावायचे आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची.

गळती शोधायला मशीन एकदा धुऊन कोरडं केलं, दहा-पंधरा मिनिटं चालवून तेल गरम केलं आणि मग बघितलं. ओला डाग कुठून सुरू होतो ते पाहायचं, कुठे साचतो ते नाही. दाबाखालचं होस पाइप हाताने चाचपायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. सुईएवढ्या भोकातून येणारं तेल कातडी भेदून आत जातं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण तिला तातडीने शस्त्रक्रिया लागते. सिलिंडरच्या तोंडाशी ओल असेल तर सील किट बदलायचं. रॉडच्या क्रोमवर खड्डे पडले असतील तर मात्र नवं सील टिकत नाही, आधी रॉडचंच बघावं लागतं.

चेन केस बहुतेक जण उघडत नाहीत. एका बाजूची दोन्ही चाकं आतल्या चेनवर फिरतात आणि ती चेन तेलात बुडालेली असते. तेल काढून पाहावं: दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, तळाशी लोखंडाचा कीस जास्त असेल तर चेन आणि स्प्रॉकेट तपासायला हवेत. ॲक्सलचं सील गळत असेल तर रिम आणि बाजूचा पत्रा कायम तेलकट राहतो, तिथे कोणताही रंग बसणार नाही. हे सील आत्ताच बदलायचं, कारण चाकं तशीही उतरवायची आहेत.

सांध्यांच्या पिन आणि त्यांच्याभोवतीची झिजणारी कडी, म्हणजे बुश, पहारीने हलवून बघितले. बुश झिजलं असेल तर बदलून काम भागतं. भोकच लंबगोल झालं असेल तर ते वेल्डने भरून बोअरिंग करावं, म्हणजे पुन्हा गोल कोरावं लागतं, आणि ते रंगानंतर केलं तर आजूबाजूचा रंग जळतो. तडे शोधायच्या जागा ठरलेल्या असतात: आर्म जोडणाऱ्या आडव्या पाइपचे कोपरे, अटॅचमेंट पकडणाऱ्या प्लेटचे कान, बकेटचे खालचे कोने. रंगावर गंजाची बारीक सरळ रेघ दिसली की तिथे घासून पाहावं. तड्याच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडलं म्हणजे तडा पुढे सरकत नाही, मग ग्राइंडरने व्ही आकाराची खाच करून ७०१८ नंबरच्या वेल्डिंग रॉडने भरायचं. रॉड कोरडे हवेत, दमट रॉडच्या वेल्डला पुन्हा तडा जातो. वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावायचा, नाहीतर करंट बेअरिंगमधून आणि पिनमधून वाट काढतो. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असलेल्या मशीनचे कनेक्टर त्याआधी काढून ठेवायचे. केबिनच्या संरक्षक सांगाड्यावर मात्र वेल्डिंगही नाही आणि नवीन भोकंही नाहीत. तो रंगवायचा, बस.

आता सफाई. इथे घाई केली की पुढचं सगळं वाया जातं.

पोटाखालचा पत्रा काढला आणि गाळ खरवडला. तेलात भिजलेला हा कचरा आग लागण्याचं मोठं कारण असतो, म्हणून वेल्डिंग करायचं असेल तर त्याआधी एवढं तरी करायचंच. मग डिग्रीझर (तेल सोडवणारं रसायन) मारून दहा मिनिटं ठेवायचा, पण सुकू द्यायचा नाही, ब्रशने घासायचं आणि गरम पाण्याने धुवायचं. प्रेशर वॉशरचा झोत अल्टरनेटर, वायरिंगचे जोड, एअर फिल्टरचं तोंड आणि रेडिएटरच्या जाळीवर जवळून मारायचा नाही. जाळीची पाती वाकतात. दोनदा धुतल्यावर मशीन स्वच्छ दिसतं, तरी रात्रभर ठेवून सकाळी बघावं. दोन पत्र्यांच्या सांध्यातून आणि बोल्टच्या भोकांतून तेल पुन्हा पाझरलेलं असतं. ते सॉल्व्हंटने पुसायचं आणि परत वाट पाहायची.

पॉलिश पेपर लावायचा तो यानंतर. तेलकट पत्र्यावर घासलं तर तेल ओरखड्यांत जाऊन बसतं आणि रंग मारताच गोल गोल खळगे पडतात, ज्याला पेंटर फिशआय म्हणतात. साधी परीक्षा: पत्र्यावर पाणी उडवायचं. सलग पसरलं तर ठीक, थेंब थेंब झाले तर तेल अजून आहे.

जुना रंग सगळा काढायची गरज नसते. थिनरमध्ये भिजवलेली चिंधी मिनिटभर रंगावर दाबून धरायची. रंग मऊ झाला तर तो साधा इनॅमल आहे, त्यावर दोन घटकांचा (हार्डनर, म्हणजे कडक करणारा घटक, मिसळून मारायचा) रंग मारला तर खालचा थर सुरकुततो. तो काढूनच टाकावा. कडक राहिला आणि घट्ट धरलेला असला तर त्याच्या कडा घासून उतरत्या करायच्या. गंजावर कप ब्रश आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर, कडा उतरवायला १८०, रंगाआधी प्रायमरवर ३२० ते ४००. जुन्या पिवळ्या-नारिंगी औद्योगिक रंगांत शिसं असू शकतं, तेव्हा ओलं घासायचं आणि बारीक धुळीचा मास्क लावायचा. सँडब्लास्टिंग बकेटला उत्तम. आर्मवर करायचं असेल तर पिना, सीलं, रॉड आधी सुटे करावे. वाळूचा एक कण सीलमध्ये गेला तरी रॉडवर ओरखडे उठतात. मागच्या दारासारखा पातळ पत्रा ब्लास्टिंगने वाकतो, तो हातानेच घासावा. गंज मारणारं फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण वापरलं तर ते पाण्याने नीट धुऊन काढावं, मागे राहिलेलं ॲसिड इपॉक्सी प्रायमरची पकड बिघडवतं. लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरायची ती बाहेरच्या पॅनेलांवर आणि पातळ. बकेट आणि आर्मवर लांबी भरण्यात अर्थ नाही, पहिल्या दणक्यात निघते.

झाकायच्या जागा: सिलिंडरच्या रॉडचं क्रोम, होस, सीरियल नंबरची पट्टी, काचा, ग्रीस निपल. निपलवर जुन्या बारीक नळीचा तुकडा खोवला की काम होतं. हायड्रॉलिक टाकीचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची वाट) झाकायचा, पण नंतर आठवणीने उघडायचा. झाकलेल्या ब्रीदरने टाकीत हवा अडते. अर्थिंगची जागा उघडी ठेवायची. ती रंगली तर स्टार्टर कुंथतो आणि दोष बॅटरीवर ढकलला जातो. रिमवर नटांची बसण्याची जागा आणि हबची रिमला टेकणारी बाजूही झाकावी. तिथला जाड थर दाबाने चेपतो आणि नट ढिले पडतात. टायर न काढता रिम रंगवायची असेल तर टायरची हवा थोडी कमी करून कडेच्या फटीत पत्त्यांचा जोड गोलाकार खोचावा.

रंगाचा हिशोब साधा आहे. डब्यावर घन भागाची टक्केवारी असते. ती गुणिले १०, भागिले मायक्रॉनमधली जाडी, म्हणजे एका लिटरला किती चौरस मीटर ते येतं. ५० टक्के घन भाग आणि ५० मायक्रॉन म्हणजे १० चौरस मीटर. गनने उडून जाणारा ४० टक्के वजा केला की ६ उरतात. आतबाहेर मिळून २५ चौरस मीटर धरले तर प्रायमर सुमारे ४ लिटर, आणि ६० मायक्रॉनच्या वरच्या रंगाला ५ लिटर. छटा जुळवायला स्टिकरखालचा किंवा पॅनेलच्या आतला तुकडा न्यावा. बाहेरचा रंग उन्हाने खोटा झालेला असतो.

खाली इपॉक्सी प्रायमर, वर पॉलियुरेथेन. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना घातक, आणि साध्या मास्कवर विसंबून तो फवारू नये. बाहेरून हवा पुरवणारा मास्क हवा. तो मिळणार नसेल तर ब्रशने इनॅमल मारलेलं बरं. चमक कमी टिकते, पण फुप्फुसं टिकतात. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त असावं आणि दमटपणा ८५ टक्क्यांच्या खाली. ओलाव्याने हार्डनर बिघडतो, चमक मरते, बारीक फुगे येतात. कंप्रेसरच्या लाइनला पाणी अडवणारा फिल्टरही याचसाठी.

आधी सगळ्या कडा, वेल्ड आणि बोल्टची डोकी ब्रशने रंगवून घेतली. कडेवरून रंग ओढला जाऊन पातळ होतो आणि गंज पहिल्यांदा तिथेच फुटतो. मग गन: प्रायमरला १.६ ते १.८ मिलिमीटरचं नोझल, वरच्या रंगाला १.३ ते १.४, अंतर १५ ते २० सेंटिमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा. पहिला हात अगदी हलका, दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा भरपूर. ओघळ येतात ते आर्मच्या आतल्या कोपऱ्यांत, कारण तिथे हात थांबतो. प्रायमरवर पुढचा हात मारायची मुदत डब्यावर लिहिलेली असते. ती उलटली तर पुन्हा घासावं लागतं, नाहीतर दोन थर एकमेकांना धरत नाहीत. सायलेन्सरला हा रंग चालत नाही, त्याला उष्णता सोसणारा वेगळा.

बोटाला कोरडा लागला म्हणून रंग पक्का झाला असं नाही. २५ अंशांच्या आसपास सात दिवस धरावेत. स्टिकर त्यानंतरच, आधी लावले तर आतला थिनर अडकून खाली फुगे धरतात. इशाऱ्यांचे स्टिकर नवे मागवून मूळ जागीच लावले. सगळ्या निपलांना ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारलं आणि सीटपुढचा सुरक्षा बार उचलल्यावर आर्म आणि चाकं अडतात का ते पाहिलं. चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळले, आठ ते दहा तास चालवून पुन्हा तपासले. तेव्हा दोन-तीन नट थोडे फिरतातच.