प्रतीक्षा यादीत चौथी

पुण्यात लोहगावच्या धावपट्टीजवळ राहणाऱ्यांना सुखोई या लढाऊ विमानाचं कौतुक उरत नाही. फोनवर बोलता बोलता आपण थांबतो, विमान जाऊ देतो आणि वाक्य तिथूनच पुढे चालू करतो. माझं तसं कधीच झालं नाही. म्हणून आठवीत शाळेच्या सूचनाफलकावर 'एनसीसी, एअर विंग, नावनोंदणी', म्हणजे राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेत भरती, असं वाचलं, तेव्हा डबा न खाताच मी फॉर्म आणायला पळाले.

घरी एकच शंका निघाली, चष्म्याची. शेजारच्या काकूंनी तर निकालच दिला, "चष्मेवाल्यांना घेत नाहीत गं." मला रडू फुटायचंच बाकी होतं. तंदुरुस्तीच्या दाखल्यासाठी बाबा डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी छाती तपासली आणि विचारलं, "पळताना दम लागतो का?" चष्म्याबद्दल चकार शब्द नाही. वैमानिक होण्याचे नेत्रनियम वेगळे आणि कॅडेट होणं वेगळं, हे मला तिथे कळलं. काकूंना मात्र ते आजही पटलेलं नाही.

निवडीच्या दिवशी लेखी परीक्षा मला सोपी गेली. हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२, ब्रीदवाक्य 'नभः स्पृशं दीप्तम्', हवाई दलातले एकमेव परमवीरचक्र विजेते निर्मलजितसिंग सेखों. हे सगळं मला तोंडपाठ. मग मैदानावर धावायला लावलं. दुसऱ्या फेरीत पोटात कळ आली, चष्मा घामाने नाकावरून घसरायला लागला आणि शेवटून तिसरी आले. जागा मोजक्या होत्या. यादी लागली तेव्हा माझं नाव प्रतीक्षा यादीत, चौथं.

पंधरा दिवस मी रोज मधल्या सुट्टीत तो फलक बघून यायचे. कुणाची शिकवणीची वेळ आडवी आली, कुणाची बदली झाली, एकीच्या जन्मदाखल्यावरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळेना. (सल्ला एवढाच : फॉर्म भरायच्या आधी सगळ्या कागदांवरचं स्पेलिंग एकदा बघून घ्या.) अशी चार नावं गळली आणि मी आत गेले. दुसऱ्यांच्या अडचणीवर आपलं नाव लागतं, याचा आनंद जरा चोरूनच झाला.

आत गेल्यावर विमान दिसेल असं वाटलं होतं. दिसले ते बूट. पहिले कित्येक आठवडे 'सावधान', 'विश्राम', 'दाहिने मुड' आणि बुटांना पॉलिश. ओल्या कापसाने गोल गोल घासत राहायचं, टोकात स्वतःचं तोंड दिसेपर्यंत. बेरे कॅप भिजवून डोक्यावरच वाळवायची, म्हणजे नीट बसते, ही युक्ती एका ताईने सांगितली. आई म्हणाली, "सर्दी होईल." झालीच. माझा डावा हात आणि डावा पाय एकदम पुढे जायचा. सार्जंट सर ओरडायचे, "आसमान मत देखो, कदम देखो!" कारण वरून सुखोई गेलं की माझी मान आपोआप वर.

खरी मजा एअरोमॉडेलिंगच्या तासाला आली. बाल्साचं लाकूड इतकं हलकं, की हातात काही आहे असं वाटतच नाही. पंख घासून घासून आकार दिला, शेपटी चिकटवली आणि हाताने भिरकावायचं ग्लायडर तयार झालं. पहिल्याच फेकीत ते नाक वर करून उभं राहिलं आणि धपकन शेपटीवर पडलं. पुढची बाजू हलकी होती. गणपतीच्या वेळची शाडू घरी उरली होती, तिची गोळी नाकाला चिकटवली, तर आता थेट जमिनीत सूर. मग नखाने कण कण काढत गेले. गुरुत्वमध्य म्हणजे काय, हे पुस्तकात वाचलं होतं, पण बोटांना समजलं ते त्या संध्याकाळी.

सातव्या की आठव्या फेकीला ते सरळ गेलं. वळलं नाही, बुडालं नाही. मैदानाच्या कडेच्या कडुलिंबाजवळ अलगद टेकलं. मैत्रीण मोजत होती, सहा सेकंद. तेवढ्यात डोक्यावरून सुखोई गेलं असावं, आवाज तरी आला. मी ग्लायडर उचलायला पळत होते.

एनसीसीच्या पहिल्या, म्हणजे 'ए' प्रमाणपत्राला दोन वर्षं, पंच्याहत्तर टक्के हजेरी आणि एक शिबिर लागतं. माझं शिबिर दिवाळीनंतर आहे. बूट आत्तापासूनच घासतेय.