तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या बाहुलीघराचं माळवद उघडं का

आत्याचं जुनं बाहुलीघर मी दुरुस्त केलंय, फक्त माळवद, म्हणजे वरचं मातीचं सपाट छत, घातलेलं नाही. घरी येणारा प्रत्येकजण आधी त्याचं कौतुक करतो, मग वाकून आत बघतो, मग वर बघतो आणि विचारतो, सगळं झालं की हो, मग माळवद तेवढं काहून उघडं ठेवलंय? दिवाळीत आलेल्या सगळ्यांना तेच सांगत बसले आणि कुणालाच नीट सांगता आलं नाही, म्हणून आता लिहितेय.

ते गच्चीवर पडून होतं, त्याचं कोंबड्यांचं खुराडं झालं, वाळवी लागली, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहितीये. फक्त एक गैरसमज काढते. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं म्हटलं की लोक धरूनच चालतात की हे भूकंपात मोडलं. नाही मोडलं. 30 सप्टेंबर 1993 ला ते इथं लातूरलाच होतं आणि त्याला काहीही झालं नाही. ज्या घरावरून आजोबांनी गावच्या सुताराकडून ते आत्यासाठी करून घेतलं होतं, ते घर पडलं.

आणि सुतारानं हुबेहूब केलंय. सात खणांचं, चार फूट लांब, ढेळज म्हणजे दारातली बसायची जागा, ओसरी, बळद म्हणजे धान्याची कोठी, देवघराची देवळी सुद्धा. दार बुटकं म्हणून कुणी म्हणतं माप चुकलंय, अहो आपल्याकडे माळवदाच्या घरात वाकूनच शिरायचं असतं. मागची भिंत खाचेतून सरकवून काढता येते, त्यामुळं आतलं दिसावं म्हणून वरून उघडं ठेवलंय हा अंदाजही चूक. इंग्लंडात विंडसरला राणी मेरीचं बाहुलीघर आहे, ल्युटेन्स या वास्तुरचनाकारानं आराखडा केलेलं, 1924 चं, त्याचं पण आतलं दाखवायला बाहेरचं कवचच वर उचलतात.

लाकडात एक खिळा नाही, बांबूच्या खुंट्या आणि सरस. सरस कोमट पाण्यानं सुटतो म्हणून खांब न फोडता काढता आले, फेविकॉल असतं तर करवतच लावावी लागली असती. वरची कोंबड्यांची घाण खरडत गेले तर खाली खरं माळवद निघालं, म्हणजे तुळयांवर कड्या, कड्यांवर तुराटीच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या खोडांच्या, काड्या आडव्या लावलेल्या आणि त्यावर बोटभर पांढरी माती. साणं, म्हणजे छतातलं उजेडाचं भोक, पण ठेवलेलं, दोन बोटं रुंद, त्यातला उजेड बरोबर चुलीपाशी पडतो. ते बघून मी किती वेळ तिथंच बसून राहिले. काड्या कुजलेल्या होत्या, माती हात लावला की भुगा, त्यामुळं सगळं उतरवावंच लागलं. पण तेव्हाच ठरवलं होतं की परत घालायचं तर असंच घालायचं. प्लायवूड नाही, थर्माकोल नाही.

मग जुन्या गावठाणातनं पांढरी माती आणली. चाळली, बारीक भुसा घालून भिजवली, नवीन तुराट्या लावल्या आणि एका कोपऱ्यापासून लिंपायला घेतलं. आत्या आमच्याकडेच असते, खुर्चीवर बसून बघायची, इतके महिने कधी हे कर ते करू नको म्हणाली नव्हती. त्या दिवशी विचारलं, "कुठली गं माती?"

म्हटलं, "आपल्या गावची. जुन्या गावची."

"काढ."

"अगं ओली आहे अजून, वाळल्यावर बघ कसं दिसतंय."

ती उठली, तिला गुडघ्यामुळं पटकन उठता येत नाही तरी उठली, आणि नखांनी ती माती खरवडायला लागली. मी हात धरला तर म्हणाली, "आईला काढलं तवा तिच्या तोंडात हीच होती. मी बोट घालून काढलेली हाय. आन् तू माझ्या बाहुल्यांवर घालायलीस व्हय?"

भूकंपाच्या रात्री आत्या माहेरी होती. गणपती बोळवून सगळे झोपले होते, पहाटे चारच्या आत संपलं. तिला शेजाऱ्यांनी ओढून काढलं, मग तिनं आजीला. आजी गेली हे घरात सगळ्यांना माहिती होतं, कशी सापडली हे तिनं इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. काहीच न बोलता आम्ही दोघींनी ओला थर काढला.

आता मला लोक म्हणतात मग माती घालायचा हट्टच कशाला केलास. हट्ट नाही. दगडमातीच्या जाड भिंती, वर फूट-दीड फूट माती, गळतंय म्हटलं की पावसाच्या आधी अजून एक थर, तेच वजन माणसांवर आलं, जवळपास दहा हजार माणसं गेली, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. पण त्याच मातीखाली आमच्या चार पिढ्या भर उन्हाळ्यात गार झोपल्या ना. पूर्ण हलवलेल्या 52 गावांतलं आमचं एक, नवीन गावात स्लॅबची घरं, माळवद कसं असतं हे पोरांना दाखवायला काय उरलंय? मी माती घेतली ते चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

पण आत्या चुकली असंही म्हणता येत नाही.

मावसभाऊ म्हणतो हलकी शीट टाक, वरून रंग मार, कुणाला कळणार नाही. पूर्वीची मी असते तर त्याला उभं केलं नसतं. तीच मी दोन कुजलेले खांब काढून नवीन सागवान बसवलं, तेव्हा जसं होतं तसंच पाहिजे हे कुठं गेलं होतं? खांब चालला आणि छत चालत नाही, असं का, याचं उत्तर मला स्वतःलाच देता येत नाही. कधी वाटतं दुसरीकडची माती आणावी, औशाकडची आणावी. मग वाटतं तिला फसवल्यासारखं होईल, आणि ती विचारणारच कुठली गं.

आत्या रोज सकाळी भिंत सरकवून बाहुल्या पुसते, वरती बघत नाही. सध्या धुळीसाठी मी सुती ओढणी टाकते. पुढं काय करायचं ते ठरलेलं नाही आणि ठरवायची घाई पण नाही. तुम्ही विचारा, मला राग नाही. फक्त ती समोर बसलेली असताना विचारू नका.