दोन वर्षे पडून राहिलेला चेनसॉ

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा दापोली तालुक्यातील आमच्या बागेत हापूसची जुनी कलमे मुळांसकट उपटून पडली. ती तोडण्यासाठी घेतलेला पेट्रोलवरचा चेनसॉ (साखळीची करवत) काम संपल्यावर मी टाकीतल्या इंधनासकट पडवीत ठेवून दिला. दोन वर्षांनी, पावसाच्या तोंडावर, घरावर झुकलेल्या फणसाच्या फांद्या उतरवायच्या होत्या. पण दोरी कितीही ओढली तरी मशीन सुरू होईना. एका दुकानात कार्बोरेटरच, म्हणजे इंजिनात जाणारे इंधन आणि हवा मिसळणारा भाग, बदलायला सांगितले. दोष नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय खर्च करणे मला पटेना, म्हणून मी स्वतःच शोध घ्यायचे ठरवले.

आठ-दहा वेळा दोरी ओढल्यावर ठिणगी पाडणारा प्लग काढून पाहिला, तर तो कोरडा होता. इंधन येऊनही ठिणगी पडत नसती तर प्लग पेट्रोलने ओला झाला असता. कोरड्या प्लगचा अर्थ इंधनच वर पोहोचत नाही. टाकीतले पेट्रोल आणि ऑईलचे मिश्रण ओतले तेव्हा त्याला आंबूस वास येत होता. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा धरते आणि पडून राहिले की खराब होते. टाकीत नळीच्या टोकाला बसवलेला छोटा फिल्टर मी वाकवलेल्या तारेने बाहेर ओढला. तो काळा आणि चिकट झाला होता. नवा फिल्टर बसवला आणि एक लिटर पेट्रोलला २० मिली या प्रमाणात, म्हणजे ५०:१, टू-स्ट्रोक इंजिनसाठीचे चांगले ऑईल घालून ताजे मिश्रण भरले.

मशीन सुरू झाले खरे, पण चोक (हवा रोखून इंधनाचे प्रमाण वाढवणारी झडप) उघडताच बंद पडू लागले. चोक लावलेला असतानाच इंजिन चालत असेल तर त्याला इंधन कमी पडत आहे, एवढे माझ्या ध्यानात आले होते. कार्बोरेटर उघडला तेव्हा आतल्या बारीक जाळीवर डिंकासारखा थर बसलेला होता आणि नखाएवढ्या पातळ पडद्याचा लवचिकपणा जाऊन तो बोटाखाली कागदासारखा कुरकुरत होता. हा पडदा हलला नाही तर सुईची झडप उघडत नाही आणि इंधन अडते. जाळी स्वच्छ करून पडदे आणि गॅस्केट (जोड घट्ट बसवणारे पातळ थर) यांचा संच बदलला. इथे माझ्या हातून एक चूक झाली, जी नव्याने हे काम करणाऱ्याने आवर्जून टाळावी. झडपेच्या बाजूला आधी गॅस्केट आणि त्यावर पडदा बसवायचा असतो, तर इंधन ओढणाऱ्या पंपाच्या बाजूला आधी पडदा आणि मग गॅस्केट; मी दोन्हीकडे एकच क्रम लावला, त्यामुळे सगळे पुन्हा उघडावे लागले. तेव्हापासून प्रत्येक थर काढताना मी मोबाईलवर फोटो घेऊन ठेवतो.

त्यानंतर इंजिन पाच मिनिटे उत्तम चालायचे आणि मग धापा टाकत बंद पडायचे. बंद पडल्याबरोबर टाकीचे झाकण सैल केले, तर ‘सुस्स’ असा आवाज होऊन हवा आत ओढली गेली. टाकीत हवा येण्याची वाट भुशाने बुजली होती. ती साफ होताच तो त्रास संपला. कुठलाही भाग न बदलता केवळ कान देऊन सापडलेल्या या दोषाचे मला विशेष समाधान वाटले.

साखळीकडे मी शेवटी वळलो. हातमोजे घालून साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी उतरवली, तिच्या खाचेतला चिखल झालेला भुसा आणि तेलाचे बुजलेले छिद्र पातळ पत्र्याने मोकळे केले. मशीन चालवून पट्टीचे टोक पुठ्ठ्याच्या जरा वर धरले तेव्हा तेलाची बारीक रेघ उमटली, म्हणजे तेल पोहोचू लागले होते. दाते माझ्या साखळीच्या मापाच्या, ४ मिमीच्या गोल कानशीने ३० अंशांत घासले, आणि दोन्ही बाजूंना तेवढेच फटके मोजून दिले, कारण एका बाजूचे दाते आखूड राहिले की काप एका अंगाला वळतो.

दुसऱ्या दिवशी फणसाच्या फांदीत पट्टी घातली तेव्हा पिठासारख्या भुशाऐवजी पिवळ्या जाड कपच्या बाहेर पडू लागल्या. संध्याकाळी उरलेले मिश्रण डब्यात काढून घेतले, इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालू ठेवले, आणि मगच चेनसॉ पडवीत ठेवला.